इटली वाळूजपासून किती लांब?

वाळूज एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या मालकीचा इटलीत मोटारसायकलचे क्लच बनवणारा कारखाना आहे. कंपनी एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज, कारखाना अॅडलर, गाव रोव्हेरेतो, उत्तर इटलीच्या डोंगरांत. २०२० मध्ये, सगळं जग दारं लावून बसलेलं असताना, एन्ड्युरन्सने तो विकत घेतला. त्याच वर्षी ब्रेकच्या धंद्यातलं ग्रिमेका हे जुनं इटालियन नावही आपल्याकडे आणलं. आता शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आहे आणि तिथेच ऑडीच्या गाड्यांची जोडणी होते. बोलोन्याची डुकाटी २०१२ पासून ऑडीच्याच मालकीची आहे. म्हणजे पश्चिमेला क्लचवाले, पूर्वेला खुद्द डुकाटीचे सोयरे, आणि मधल्या आख्ख्या छत्रपती संभाजीनगरात डुकाटीचा टायमिंग बेल्ट बदलून देणारं एकही अधिकृत दुकान नाही. त्यासाठी पुणे गाठायचं, नाहीतर मुंबई.

ही गंमत एरवी लक्षातही आली नसती. पण सध्या माझ्या फोनमध्ये एका लाल डुकाटी मॉन्स्टर ७९७चे फोटो येऊन पडलेत. २०१८ची गाडी, पुणे पासिंग, एकच मालक, ‘फारशी चाललेली नाही’. ही गाडी २०१७ मध्ये भारतात आली तेव्हा एक्स-शोरूम पावणेआठ लाखांच्या वर होती. २०२० मध्ये बीएस-सिक्सचे नियम आले आणि ७९७ची विक्री थांबली. त्यात सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या नव्या मोटारसायकलींवर ४० टक्के जीएसटी लागू झाला, त्यामुळे जुन्या बाजाराकडे नजर जाणं साहजिकच. घरात आणि कट्ट्यावर मात्र एकच सल्ला: इटालियन गाडी आहे, रस्त्यात बसवेल. हा सल्ला देणाऱ्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाच्या घरी एके काळी एक इटालियन गाडी होती आणि तिच्यावर त्यांची पोरं शाळेत गेली. पण ते कुणालाच आठवत नाही.

ती गाडी म्हणजे चेतक. इटलीत पोंतेदेरा गावात पियाजिओचा विमानांचा कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धात त्यावर बॉम्ब पडले, आणि युद्ध संपल्यावर विमानं कोणाला विकायची हा प्रश्न उरला. एन्रिको पियाजिओने लोकांना परवडेल असं काहीतरी दुचाकी बनवायला सांगितलं आणि ते काम दिलं कोराडिनो दास्कानिओ या हेलिकॉप्टरवाल्या इंजिनिअरला. या माणसाला मोटारसायकल आवडायची नाही. चेनचं वंगण कपड्यांना लागतं, पंक्चर काढताना जीव जातो, ही त्याची तक्रार. म्हणून त्याने चेन काढून टाकली आणि इंजिन थेट मागच्या चाकाला जोडलं. फ्रेम काढून टाकली, दाबलेल्या पत्र्याची बॉडीच सगळा भार घेईल असं केलं. पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं, म्हणजे नट काढले की चाक हातात. एप्रिल १९४६ मध्ये या यंत्राच्या पेटंटचा अर्ज झाला. ती व्हेस्पा. १९६०च्या सुमारास बजाजने तिचा परवाना घेतला. १९७१ मध्ये परवाना संपला, आणि १९७२ पासून तेच यंत्र महाराणा प्रतापांच्या घोड्याचं नाव लावून धावू लागलं. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला आला आणि या शहराचं नशीब पालटलं. आज ज्याला आपण ऑटो इंडस्ट्रीचं शहर म्हणतो, त्याच्या वंशावळीत बरंच वर पोंतेदेरा आहे.

लूनाची कथाही तीच. शेजारच्या अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२ मध्ये लूना काढली ती पियाजिओच्या ‘चाओ’ या मोपेडवरून. फुलंब्रीच्या किंवा पैठणच्या रस्त्यावर जी अॅपे रिक्षा दहा-बारा माणसं कोंबून धावते तिचा मूळ आराखडाही दास्कानिओच्याच हातचा, १९४८ सालचा. पियाजिओ ती बारामतीत बनवते.

आता चेतक किती ‘रिलायबल’ होती ते जरा आठवून बघा. सकाळी किक मारायच्या आधी ती स्वतःकडे कलती करायची. का करायची, याची प्रत्येक घरात वेगळी कारणमीमांसा. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायचं, त्यामुळे प्लगवर काजळी धरायची. डिकीत एक जादा प्लग, एक काचपेपरचा तुकडा आणि प्लग-पाना असायचाच. गिअरची केबल, क्लचची केबल कधी तुटेल सांगता यायचं नाही. आणि इतकं असूनही चेतकला कोणी बेभरवशाची म्हटलं नाही. कारण प्लग कोपऱ्यावरच्या पानपट्टीशेजारी मिळायचा आणि केबल कुठल्याही गावातला मिस्त्री डोळे मिटून बदलायचा. गाडीच्या ज्या खोडी आपल्याला ठाऊक असतात त्यांना आपण सवय म्हणतो, ज्या ठाऊक नसतात त्यांना दोष. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे: भरवसा ही निव्वळ गाडीच्या अंगची गोष्ट नव्हे, गाडी आणि तिच्या भोवतीचं गाव मिळून तो तयार होतो.

म्हणून मॉन्स्टरच्या खोडी नेमक्या काय आहेत ते बघायला बसलो, आणि तिथे जे सापडलं त्याने मी खरोखर गारद झालो.

कुठल्याही चार-स्ट्रोक इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा असे व्हॉल्व्ह असतात. कॅमचा उंचवटा येतो, व्हॉल्व्ह ढकलून उघडतो. कॅम पुढे सरकला की स्प्रिंग त्याला परत ओढून बंद करते. जगातल्या बहुतेक सगळ्या गाड्या अशाच चालतात. पण वेगाचं गणित बघा. इंजिनाच्या मिनिटाला ८,००० फेऱ्या होत असतील तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ४,००० वेळा उघडतो आणि मिटतो, म्हणजे एका सेकंदात सहासष्ट वेळा. या वेगाला स्प्रिंग मागे पडायला लागते. व्हॉल्व्ह अजून हवेत तरंगतोय आणि खालून पिस्टन वर येतोय. १९५०च्या दशकात स्प्रिंगचं पोलादही आजच्याइतकं चांगलं नव्हतं. शर्यतीत स्प्रिंगा सर्रास तुटायच्या.

१९५४ मध्ये डुकाटीत रुजू झालेल्या फाबियो तालिओनी या इंजिनिअरने यावर काढलेला तोडगा अफलातून आहे. त्याने व्हॉल्व्ह बंद करण्यासाठीही कॅमच लावला. एक रॉकर व्हॉल्व्हला ढकलून उघडतो, दुसरा रॉकर त्याला मानेशी धरून वर उचलतो आणि बंद करतो. स्प्रिंग लावलेलं दार आपोआप मिटायची वाट बघण्याऐवजी दाराच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस उभा करावा, तसं. दार कधी उघडणार, कधी मिटणार, सगळं हुकमी. या पद्धतीला डेस्मोड्रोमिक म्हणतात, गॅरेजच्या भाषेत नुसतं डेस्मो. जुलै १९५६ मध्ये स्वीडनमधल्या हेडेमोराच्या ग्रां प्रीत तालिओनीची १२५ सीसीची डेस्मो पहिल्यांदा उतरली आणि पहिल्याच शर्यतीत जिंकली. स्वार होता जानी देली आंतोनी. त्यानंतर काही आठवड्यांतच मोंझाला सराव करताना तो गेला.

ही कल्पना तालिओनीच्या आधीही होती. १९५४-५५ मध्ये फँजिओ या रेसिंग ड्रायव्हरने ज्या मर्सिडीजवर जगज्जेतेपदं मिळवली त्या डब्ल्यू १९६च्या इंजिनातही डेस्मोड्रोमिक व्हॉल्व्ह होते. मर्सिडीजने ते सोडून दिले. (आपल्या शहराने मर्सिडीज सोडली नाही. २०१० मध्ये इथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, सुमारे ६५ कोटींचा सौदा. त्या वेळी ‘सर्व्हिसला कुठे जाणार’ हा प्रश्न कुणी विचारल्याचं आठवत नाही. दीडशे गाड्या एकदम आल्या की सर्व्हिस सेंटर आपल्या पायाने चालत येतं.) डुकाटीने मात्र डेस्मो १९६८ मध्ये थेट रस्त्यावरच्या गाडीत आणला, आणि पुढे पन्नास-बावन्न वर्षं जवळजवळ हट्टाने तो सांभाळला.

आता या हट्टाचं बिल कुठे येतं? स्प्रिंगवाल्या व्हॉल्व्हला एकच फट मोजायची असते. डेस्मोला दोन: उघडणाऱ्या रॉकरची आणि मिटणाऱ्या रॉकरची. ७९७ला दोन सिलिंडर, प्रत्येकी दोन व्हॉल्व्ह, म्हणजे एकूण चार व्हॉल्व्ह आणि आठ फटी. डुकाटीच्या चार-व्हॉल्व्हच्या ट्विन इंजिनांत हाच आकडा सोळावर जातो. आणि फट म्हणजे किती? डोक्यावरच्या केसाच्या जाडीच्या आसपास, काही ठिकाणी त्याहून कमी. ती कमी-जास्त झाली की शिम नावाची टिचभर पोलादी चकती बदलायची, ती शंभरांश मिलिमीटरच्या हिशेबाने निवडायची. हे काम अवघड आहे असं नाही, पण ते अंदाजाने होत नाही. त्याला मोजणारा हात लागतो, शिमचा डबा लागतो आणि अर्धा दिवस शांतता लागते. आपल्याकडच्या मिस्त्रीकडे हात असतो. डबा नसतो, कारण वर्षातून दोन गाड्यांसाठी तो ठेवून त्याने काय करायचं? आणि शांतता तर दुपारी चारनंतर कुठल्याच गॅरेजात नसते.

दुसरी खोड बेल्टची. १९७९च्या पँटा या मॉडेलपासून डुकाटीने कॅम फिरवायला दात्यांचा रबरी पट्टा वापरला. पट्टा हलका, आवाज कमी, बनवायलाही स्वस्त. पण रबर ते रबर. गाडी चालो न चालो, ते म्हातारं होत जातं. आणि तो तुटला तर व्हॉल्व्ह जिथे असेल तिथे थांबतो, पिस्टन मात्र थांबत नाही. पुढे काय होतं ते सांगायला नको.

इथे ‘फारशी चाललेली नाही’ या विक्रेत्याच्या लाडक्या वाक्याचा खरा अर्थ कळतो. आपण कमी किलोमीटर म्हणजे चांगली गाडी असं गृहीत धरतो. सात-आठ वर्षांत सहा हजार किलोमीटर चाललेल्या इटालियन गाडीत बेल्ट मूळचाच असण्याची शक्यता दाट. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पीत बसलेलं, टाकीच्या तळाशी पेट्रोलचा राप, पुढच्या फोर्कची सीलं कोरडी पडलेली. याउलट वीस हजार चाललेली, दर वर्षाचं बिल फायलीत लावलेली गाडी दिसली तर मी तीच घेईन. किलोमीटरपेक्षा कागद मोठा.

टायरवरून तर विक्रेत्याचा खोटेपणा दोन मिनिटांत पकडता येतो. टायरच्या बाजूवर एका लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१८’ असेल तर तो टायर २०१८च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. गाडी २०१८ची, मीटर सहा हजार आणि टायर २०२२चा, तर मधल्या काळात काय झालं ते विचारायचं. आणि टायर मूळचाच २०१८चा असेल, तर नक्षी कितीही खोल असली तरी रबर दगड झालेलं आहे. म्हैसमाळच्या वळणावर ते दगडासारखंच वागेल.

आता इलेक्ट्रिकचा बदलौकिक. यात एक काव्यगत न्याय आहे, कारण डुकाटीचा जन्मच विजेच्या धंद्यात झाला. १९२६ मध्ये बोलोन्यात ही कंपनी निघाली ती रेडिओचे सुटे भाग बनवायला. मोटारसायकलचं इंजिन युद्धानंतर आलं. आणि त्यांच्याच गाड्यांच्या वायरिंगवर जगभर विनोद. विनोद बाजूला ठेवून बघितलं तर मुळाशी बऱ्याचदा एकच डबी निघते, रेग्युलेटर-रेक्टिफायर. मोटारसायकलच्या जनरेटरमध्ये कायमचे चुंबक असतात. चुंबकाला कमी-जास्त करता येत नाही; इंजिन जोरात फिरलं की वीज जास्त तयार होते, तुम्हाला हवी असो वा नसो. बॅटरीला लागेल तेवढी दिली की उरलेल्या विजेचं काय करायचं? अनेक गाड्यांतला रेग्युलेटर ती सरळ शॉर्ट करून टाकतो. त्याची उष्णता होते. ती उष्णता वाऱ्याने जावी अशी अपेक्षा असते. मे महिन्यात पारा बेचाळीसला टेकलेला, जालना रोडच्या सिग्नलला उभं असताना कुठला वारा? डबी तापते, तिच्या जोडणीचं पांढरं प्लास्टिक आधी पिवळं, मग तपकिरी होतं आणि एक दिवस वितळतं. हाच रोग कित्येक जपानी गाड्यांनाही आहे. त्यांच्या बाबतीत आपण ‘पार्ट गेला’ म्हणतो, इटालियनच्या बाबतीत ‘इटालियनच ती’.

हे तपासणं मात्र अगदी सोपं आहे. बॅटरीला मल्टिमीटर लावायचा, इंजिन चार-पाच हजार फेऱ्यांवर धरायचं. काटा साडेतेरा ते साडेचौदा व्होल्टच्या मध्ये राहिला तर ठीक. पंधराच्या पुढे गेला किंवा तेराच्या खाली बसला तर किंमत पुन्हा बोलायची. जोडणीचा रंग सीट काढून डोळ्यांनी बघायचा.

उष्णतेचा विषय निघालाच आहे तर इंजिनाच्या आकाराचंही सांगतो. दोन सिलिंडर ९० अंशांत, एक जवळजवळ आडवा पुढे, एक उभा. या कोनाची करामत अशी की एका पिस्टनचा धक्का दुसऱ्याने जवळपास पुरता खाऊन टाकला जातो. म्हणून वेगळी बॅलन्सर-शाफ्ट न लावताही हे इंजिन बऱ्यापैकी शांत फिरतं. पण मागचा सिलिंडर बरोबर मांड्यांखाली येतो आणि पुढच्याला मिळतो तसा ताजा वारा त्याला मिळत नाही. ७९७चं ८०३ सीसीचं इंजिन हवेवर थंड होणारं आहे, रेडिएटर नाही. हा माझ्या मते तिचा मोठाच गुण: पंप नाही, कूलंट नाही, होज पाइप नाही, फुटायला-गळायला तेवढ्या वस्तू कमी. पण क्रांती चौक ते सिडको या पट्ट्यात ऐन दुपारी फिरायचं असेल तर जाड जीन्स हवी. रोज ऑफिसला नेण्याची ही गाडी नाही. सकाळी सहाला नगर नाक्यावरून निघावं, मिटमिटा मागे टाकावं, दौलताबादच्या तटातल्या त्या अरुंद दरवाज्यातून हळूच घुसावं आणि घाट चढून खुलताबाद, तिथून म्हैसमाळ. ऊन चढायच्या आत घरी. समृद्धी महामार्गाची स्वप्नं बघू नयेत. तिथे दुचाकीला बंदीच आहे.

एक खोड अशी आहे की तिचं मूळ इटलीत नाही, आपल्या उसाच्या फडात आहे. मॉन्स्टर ७९६सारख्या त्याआधीच्या काही मॉडेलांना डुकाटीने नायलॉनच्या पेट्रोल टाक्या लावल्या. हलक्या, गंजत नाहीत, हवा तसा आकार देता येतो. पण नायलॉनला ओलावा आणि इथेनॉल शोषून घेण्याची सवय. टाकी फुगते. मिलिमीटर-दोन मिलिमीटर नव्हे, बोल्टची भोकं जुळेनाशी होतात, टाकी फ्रेमला घासायला लागते. अमेरिकेत यावरून ग्राहक कोर्टात गेले. भारतात २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं, आणि त्यातलं बरंचसं साखर कारखान्यांतून येतं. गंगापूर-पैठणच्या पट्ट्यातला ऊस बोलोन्याच्या टाकीला फुगवतो, हे वाचून मला आधी हसू आलं आणि मग मी ७९६ यादीतून काढून टाकली. कोणाला घ्यायचीच असेल तर टाकी आणि फ्रेममधली फट दोन्ही बाजूंनी सारखी आहे का ते वाकून बघावं.

उस्मानपुऱ्यातल्या एका जुन्या मिस्त्रींना फोटो दाखवले. त्यांनी हयात बजाज आणि यामाहात घालवली. इंजिन बघून हरखले, बराच वेळ दोन बोटांनी फोटो मोठा करत राहिले. मग म्हणाले, “मशीन एक नंबर है. पुर्जा इधर नै मिलता.” यापलीकडे या विषयावर कुणी शहाणं बोलल्याचं मला आठवत नाही.

पुर्जा न मिळण्याचा सगळ्यात कडू अनुभव महाराष्ट्राने बेनेलीच्या बाबतीत घेतला. इटलीतल्या पेझारोमध्ये १९११ मध्ये तेरेझा बेनेली या विधवा बाईने सहा मुलांना धंदा असावा म्हणून पैसे घालून गॅरेज उघडून दिलं, तिथून ही कंपनी उभी राहिली. २००५ मध्ये ती चीनच्या च्यानज्यांगने घेतली. २०१५ मध्ये पुण्याच्या डीएसके समूहाने बेनेली भारतात आणली, जोडणी वाईला. टीएनटी ६००आयचा चार सिलिंडरचा आवाज ऐकून कॉलेजची पोरं वेडी झाली होती; तेवढ्या किमतीत तसा आवाज दुसरीकडे मिळत नव्हता. २०१८ मध्ये डीएसके समूह आर्थिक गर्तेत गेला आणि गाड्या रातोरात पोरक्या झाल्या. गाडीत तसूभरही बदल झाला नव्हता. कालपर्यंत भरवशाची, आज ब्रेक-पॅडसाठी वणवण. त्याच वर्षी बेनेलीने हैदराबादच्या महावीर समूहाचा हात धरला, पण मधल्या काळात ज्यांची गाडी गॅरेजात अडकली त्यांना विचारा. कायनेटिकनेही २०१६ मध्ये एमव्ही ऑगस्टा आणली, पुढे एसडब्ल्यूएम आणि एफबी माँडियाल ही इटालियन नावं अहिल्यानगरला जोडायला घेतली. तो पसाराही काही वर्षांत आवरला. इथून दोन-सव्वादोन तासांवर जोडलेल्या गाडीचा पुर्जा आज इथे मिळेल, असं त्यामुळे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

उलटं उदाहरण बारामतीचं. एप्रिलिया ही शर्यतींत नाव काढलेली कंपनी, व्हेनिसजवळच्या नोआले गावची. २००४ पासून पियाजिओच्या छत्राखाली. तिची आरएस ४५७ ही दोन सिलिंडरची, ४७ हॉर्सपॉवरच्या आसपासची गाडी डिसेंबर २०२३ मध्ये गोव्यात इंडिया बाइक वीकला आली, ४ लाख १० हजारांना. आणि ती बनते बारामतीत, जगभरासाठी. अमेरिकेतला गिऱ्हाईक ‘इटालियन’ म्हणून जी घेतो तिच्यावर पुणे जिल्ह्याची धूळ असते. दौंडमार्गे कारखाना गाठता येतो. नुसत्या व्यवहाराने जायचं तर जुनी आरएस ४५७ शोधावी, बेल्ट नाही की डेस्मो नाही. माझ्या पुतण्याला मी हेच सांगितलं आणि त्याने ऐकलंही.

मग मी स्वतः ७९७च्या मागे का? खरं सांगायचं तर इटलीत बनली म्हणून नव्हे. भारतात आलेल्या या गाड्या बहुतांशी डुकाटीच्या थायलंडच्या कारखान्यातल्या आहेत. मला तो दुसरा रॉकर पाहिजे. जी गोष्ट सगळं जग स्प्रिंगवर सोडून देतं ती हाताने धरून मिटवायची, हा तालिओनीचा हट्ट माझ्या मांडीखाली सेकंदाला सहासष्ट वेळा चाललेला मला हवा आहे. आणि तो आता मावळतो आहे. २०२०च्या मल्टिस्ट्राडा व्ही४साठी डुकाटीने नवं इंजिन काढलं तेव्हा त्यात डेस्मो नव्हता. साध्या स्प्रिंगा, आणि व्हॉल्व्ह तपासायचे ते थेट ६०,००० किलोमीटरला. ७९७ला हेच काम १२,०००ला करावं लागतं. पुढे आलेल्या नव्या व्ही-ट्विनमध्येही स्प्रिंगाच, तिथे ४५,०००. मधल्या सत्तर वर्षांत पोलाद इतकं सुधारलं की ज्या दुखण्यावर डेस्मो हे औषध होतं ते दुखणंच राहिलं नाही. इंजिनिअर म्हणून त्यांनी योग्यच केलं. बेभरवशाची म्हणून हिणवली गेलेली कंपनी आज व्हॉल्व्हच्या बाबतीत इतक्या लांब पल्ल्याची गाडी विकते, हेही मजेशीरच.

व्यवहाराचा भाग थोडक्यात. पुण्याची गाडी महाराष्ट्रातलीच, म्हणजे पुन्हा रोड टॅक्स नाही. फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. दिल्ली किंवा बेंगळुरूची स्वस्त गाडी दिसली तरी हात आखडावा, टॅक्स आणि पासिंगमध्ये स्वस्ताई विरघळते. गाडी बघायला जाताना मालकाला बजावून ठेवायचं की इंजिन आधी सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन पहिल्या दहा सेकंदांत जे बोलतं ते तापल्यावर बोलत नाही. आणि घरी आणल्यावर वर्षातून एकदा छोटा हत्ती करून किंवा स्वतः चालवत नगर रोडने पुण्याला न्यायची, हा खर्च गाडीच्या किमतीतच धरायचा. ज्याला तो धरायचा नाही त्याने ही गाडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घरात दुसरी, कामाची गाडी असेल तरच.

मालकाकडे मी चेसिस नंबर, दोन्ही टायरवरचे चार-चार आकडे आणि बेल्ट बदलल्याचं बिल मागितलं. चेसिस नंबर आला, वाहन पोर्टलवर जुळला. टायर मूळचेच आहेत. बिलाबद्दल ‘शोधून पाठवतो’ असं उत्तर आहे. पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून बेल्ट आणि व्हॉल्व्हचं एस्टिमेट घेतलंय, त्यात टायरची जोडी मिळवली आहे, आणि ती सगळी रक्कम वजा करून माझा आकडा मालकाला कळवला आहे.